रोशनदानातला बोळा

आमच्या घरात मला कुणी नवी वस्तू हौसेने दाखवत नाही. मिक्सर आणला की मी आधी त्याची वायर बघते, स्टूल आणलं की त्याचे पाय हलवून बघते, आणि आणणाऱ्याचं तोंड एवढंसं होतं. सासूबाई म्हणायच्या, "हिला लड्डू दिला तरी ही आधी तो घशात अडकेल का ते बघेल." असेल. माझा स्वभाव मुळात गोड नाही, आणि नोकरीने तो आणखी कडू केला.

मी विमा कंपनीच्या ऑफिसात होते, दावे तपासायच्या टेबलावर. माणसं रस्त्यावर, नदीत, नाहीतर रेल्वेखाली मरतात असं मला लग्नाआधी वाटायचं. त्या टेबलावर बसल्यावर कळलं की किती माणसं आपल्याच घरात, घरच्याच कपड्यांत, काहीतरी साधं करताना जातात. कुणी माळ्यावरचा डबा काढायला प्लास्टिकच्या खुर्चीवर चढलेलं असतं. कुणी कूलरमध्ये पाणी भरताना ओल्या पायांनी त्याला हात लावलेला असतो. कुणाच्या नातवाने थंड्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं संडास धुवायचं तेजाब तोंडाला लावलेलं असतं. घरचे लोक समोर बसून सांगायचे, आणि सांगता सांगता एका ठिकाणी थांबून हमखास म्हणायचे, "मॅडम, रोज तो ऐसे ही करते थे." हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. घरी आले की आमचंच रोजचं सगळं मला नीट दिसेना. भाजी चिरणाऱ्या वहिनी दिसायच्या आणि त्यांच्या मागे उतू जाणारं दूधही दिसायचं.

वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. माहेर देवासचं. माझ्या आधी या घरात आल्या आणि माझ्या आधीच सगळं घर स्वतःच्या पदराला बांधून बसल्या. मी ऑफिसात जायचे, त्या घर चालवायच्या. माझा मुलगा माझ्यापेक्षा त्यांच्या मांडीवर जास्त वाढला, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण माझ्या मांडीवर तो पडला असता तर मी आधी त्याला ताप आहे का ते बघितलं असतं. आम्ही दोघी रोज भांडायचो. एक दिवस भांडण झालं नाही तर सासूबाई विचारायच्या, "काय गं, कोणाची तब्येत बरी नाही का?"

मी घरात हळूहळू सुधारणा केल्या. कढईचा दांडा आतल्या बाजूला वळवायचा. फिनाइल पाण्याच्या बाटलीत भरायचं नाही. एका हिवाळ्यात सासूबाई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. कडी आतून लावलेली होती आणि आम्ही बाहेर उभे राहून त्यांचं कण्हणं ऐकत राहिलो. सुताराला बोलावून दार उघडेपर्यंत माझा जीव जायची वेळ आली होती. त्या दिवशी मी दाराची आतली कडीच काढून टाकली. आत कुणी असेल तर बाहेर टॉवेल टांगायचा, असा नियम केला. वहिनी भडकल्या. "लाजबिज काही राहिली की नाही? तू आली आणि घराचं पूरं हॉस्पिटल करून टाकलं."

"हॉस्पिटलात जाण्यापेक्षा बरं," मी म्हटलं.

आता गीझरचं सांगते. टॉवर चौकापासून पायी जाता येईल इतक्या जवळ आमचं घर आहे, आणि उज्जैनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला घर असलं की त्याला महाराष्ट्रभर नातेवाईक असतात. महाकालचं दर्शन सगळ्यांनाच करायचं असतं. हॉटेलं महाग, भस्म आरतीला जायचं तर आधी अंघोळ, तीही गरम पाण्याने. पूर्वी विजेचा गीझर होता. तिसऱ्या पाहुण्याला कोमट आणि चौथ्याला गार पाणी मिळायचं. मग दिरांनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, गॅसचा गीझर आणला. नळ सोडला की तो भक्कन पेटायचा आणि नळ चालू असेपर्यंत कढत पाणी देत राहायचा. पाहुणे खूश, दीर खूश. माझे दीर साधे, हौशी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. गीझर हे त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं मोठं यश होतं.

तो बसवणाऱ्याने जाताना एवढंच सांगितलं, "रोशनदान खुला रखना, भाईसाहब." रोशनदान म्हणजे बाथरूमच्या वरच्या बाजूचा झरोका, मागच्या गल्लीत उघडणारा. त्याला जाळी नव्हती, तिथून कबुतरं आत यायची आणि साबणाच्या वडीवर घाण करून जायची. आणि हिवाळ्यात तिथून असा वारा यायचा की ओल्या अंगाला सुरी लागल्यासारखं वाटायचं. वहिनींनी सासूबाईंच्या जुन्या भैरवगढी छापाच्या चादरीची घडी करून, पिळून, तिचा बोळा केला आणि रोशनदानात खुपसला. चादर फाटकी होती, पण तिच्यावरचा लाल रंग अजून पक्का होता. खालून बघितलं की भिंतीत वर काहीतरी सोललेलं दिसायचं.

मी तो बोळा काढला. दुसऱ्या दिवशी तो परत तिथे होता.

"वहिनी, हे बंद ठेवू नका. गॅस जळतो आत."

"गॅस बाहेर आहे, सिलिंडर बाहेर आहे. पाइप पण तू दहा वेळा साबण लावून बघितला आहे. आता काय?"

"जळताना हवा लागते. हवा नाही मिळाली की विषारी गॅस होतो. त्याला वास नाही येत."

"वास नाही, रंग नाही, फक्त तुलाच दिसतो," वहिनी म्हणाल्या. "आईंना सर्दी झाली तर तू बसशील का रात्रभर?"

मग ते आमचं नेहमीचं होऊन बसलं. मी काढायचे, त्या कोंबायच्या. नवऱ्याला वाटायचं हा दोन बायकांचा पोरखेळ आहे. तो म्हणायचा, "खालीपीली कशाला टेन्शन घेते? इतके दिवस झाले, काही झालं का?" त्याला काय सांगणार. ज्या ज्या घरात काही झालं होतं तिथेही त्याच्या आदल्या दिवसापर्यंत काही झालेलं नव्हतं.

पण तसं बघितलं तर होत होतं. आम्ही त्याला दुसरी नावं देत होतो. वहिनींचं डोकं दुखायचं, मुख्यतः सुट्टीच्या दिवशी, पाहुणे असले की. आमच्याकडे डोकं दुखलं की पित्त. मळमळलं की पित्त. वहिनींचा उपवास असला की पित्त, आणि उपवास सोडला तरी पित्तच. पुण्याला नोकरी करणारी त्यांची मुलगी सुट्टीत आली आणि केस धुऊन बाहेर येताना उंबऱ्याशीच मटकन बसली. बीपी लो, म्हणून तिला मीठ-साखर पाजली. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली, आणि मिरच्या ओवाळून टाकल्या. मी गीझरखाली वाकून बघितलं. पूर्वी ज्योत निळी असायची, आता तिचं टोक पिवळं झालं होतं आणि वरच्या पत्र्यावर काजळी धरली होती. मी दिरांना म्हटलं, मिस्त्रीला बोलवा. ते म्हणाले, दिवाळीनंतर. दिवाळीच्या आधी उज्जैनमध्ये मिस्त्री मिळत नाही, हे खरंच होतं. मी तोपर्यंत गीझर वापरू नका म्हटलं. ते कुणी मनावर घेतलं नाही, कारण दिवाळीला नाशिकहून माझ्या नवऱ्याचे चुलत भाऊ बायकामुलांसकट येणार होते.

नरक चतुर्दशीला इथे रूप चौदस म्हणतात. त्या दिवशी महाकालालासुद्धा उटणं लागतं, आणि त्या दिवसापासून थंडी संपेपर्यंत देवाला गरम पाण्याने स्नान. सगळं शहर त्या पहाटे पाणी तापवत असतं. आमच्या घरी पाटाभोवती रांगोळी, तेलाची वाटी, कारीट, निरांजन. आणि तेल लावायचा मान वहिनींचा. सासूबाईंचे हात दुखायला लागले तेव्हापासून तो त्यांच्याकडे आला होता आणि त्यांनी तो कुणाला शिवू दिला नाही. घरातल्या प्रत्येकाला त्या पाटावर बसवायच्या, डोक्यावर तेल थापायच्या, पाठ रगडायच्या, ओवाळायच्या आणि बाथरूमकडे ढकलायच्या. आधी पुरुष, मग मुलं, मग पाहुण्या बायका, मग मी. शेवटी त्या. त्यांना तेल लावायला मी पुढे झाले की म्हणायच्या, "राहू दे, तुझे हात ऑफिसचे आहेत." मग उरलेलं तेल स्वतःच टाळूवर घालून घाईघाईत अंघोळ करून पाचव्या मिनिटाला फराळाची ताटं मांडायला हजर. आमच्यापैकी कुणी त्यांना दिवाळीच्या सकाळी निवांत अंघोळ करताना बघितलेलं नव्हतं.

मी आदल्या संध्याकाळी बोळा काढला आणि या वेळी माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. मला त्या रात्री चांगली झोप लागली.

पहाटे सगळं सुरू झालं. गीझर भक्कन पेटायचा, विझायचा, परत पेटायचा. वारा रोशनदानातून येत होता आणि प्रत्येकजण कुडकुडत बाहेर येऊन कुरकुर करत होता. नाशिकच्या जाऊबाई म्हणाल्या, "बाई, तुमच्याकडे बाथरूममध्येच हिमालय आहे." मी मनातून खूश होते. माझी अंघोळ झाली तेव्हाही वर आभाळाचा करडा तुकडा दिसत होता, आणि मी निर्धास्त होऊन बाहेर आले.

वहिनी तेलाची वाटी घेऊन उठल्या. त्यांच्या मुलीने त्यांना अडवलं. "आई, आज पाच मिनिटांत बाहेर यायचं नाही. केस धू, उटणं लाव, आरामात. ताटं आम्ही करतो."

दीर म्हणाले, "हां भई, आज कोणी हिला हाक मारायची नाही. वर्षभर पळते ती."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी लाजल्या, अगदी नव्या नवरीसारख्या, आणि आत गेल्या. बाहेरच्या कडीवर त्यांचा टॉवेल लटकत होता. घरात पाहुणे पुरुष होते म्हणून त्यांनी आतून दाराला पाट टेकवून लावला, त्याचा घासल्याचा आवाज मला आला. त्याच वेळी नाशिकची मुलं मागच्या गल्लीत फटाके घेऊन पळाली.

आम्ही ताटं मांडली. चिवडा, चकली, अनारसे, गोड शेव, आणि इथली पद्धत म्हणून मधोमध पोह्यांचं पातेलं. पाहुण्यांना फराळ करून लगेच दर्शनाला निघायचं होतं. त्यांची गाडी दारात उभी होती. मागे लवंगीच्या माळा तडतडत होत्या. कुणीतरी म्हणालं, वहिनी येऊ देत. कुणीतरी म्हणालं, हाक मारायची नाही असं ठरलंय. हशा झाला. पोहे गार होत होते.

मला त्या हशातही गीझर ऐकू येत होता. फटाके थांबले की घरघर, परत फटाके, परत घरघर. वहिनी पाण्याच्या बाबतीत कंजूष. बादली भरली की नळ बंद, मग तांब्याने मोजून पाणी. त्यांचा नळ इतका वेळ चालू राहिलेला मी कधी ऐकला नव्हता. मी उठले.

"अगं, राहू दे ना तिला," नवरा म्हणाला.

दाराखालून पाणी बाहेर येत होतं. स्वच्छ, कढत, उटण्याचा वास असलेलं पाणी. मी हाक मारली. जोरात मारली. मग दाराला खांदा लावला. आतून पाट टेकवलेला, पण फरशीवर तेल आणि पाणी, पाट घसरला आणि दार एकदम उघडलं. कडी असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पूर्ण करत नाही.

वहिनी भिंतीशी बसल्या होत्या. मान छातीवर पडलेली, एक हात बादलीत. आणि रोशनदान बंद होतं. फटाक्यांचा धूर आत येत होता म्हणून त्यांनी आमचा सगळ्यांचा अंग पुसायचा ओला पंचा त्यात घट्ट कोंबला होता. दिसत होता तो धूर त्यांनी बाहेर ठेवला. बोळा माझ्या कपाटात कुलपात होता.

मी श्वास रोखून नळ बंद केला आणि त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. ओरडले. नवरा आणि दीर धावले. अंगावर चादर टाकून आम्ही त्यांना पुढच्या अंगणात मोकळ्यावर आणलं. मी पाहुण्यांच्या अंगावर ओरडले, सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा, आत कुणी जाऊ नका. मग वहिनींच्या नाकाशी गाल नेला. श्वास चालू होता, उथळ, अडखळत. मी त्यांना कुशीवर वळवलं, तोंड जरा खाली केलं. तेवढ्यात त्यांना ओकारी झाली. उताणं ठेवलं असतं तर ती त्यांच्याच घशात गेली असती.

आणि मग आमच्या घराने जे करायचं ते केलं. सासूबाई कांदा फोडून आल्या, हुंगवा म्हणाल्या. चुलत दिरांनी चप्पल काढली, फीट असेल म्हणाले. जाऊबाई पाण्याचा तांब्या घेऊन तोंडाशी लावायला वाकल्या, आणि मी तो तांब्या हाताने उडवला. तो अंगणात घरंगळत गेला. पाहुण्या बाईशी मी असं वागले याचं तेव्हा मला काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दीर आत जाऊन ते बोटाला लावायचं यंत्र घेऊन आले, कोरोनात घेतलेलं. त्यांनी ते वहिनींच्या बोटाला लावलं, आकडा बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "अठ्ठ्याण्णव! ऑक्सिजन एकदम नॉर्मल आहे! चेहरा पण बघ किती लाल आहे. पित्त चढलंय हिला, रात्रीपासून उपाशी आहे. जरा पडू दे, उठेल ती."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी ते बघितलं. दहा माणसं एका आकड्याकडे बघून शांत झाली. आकडा का खोटा आहे हे मला माहीत नव्हतं. मला फक्त एवढं दिसत होतं की माझ्याशी रोज भांडणारी बाई मी कानाशी ओरडत असताना उत्तर देत नाही.

"भाऊजी, उचला," मी म्हटलं.

"अगं पण नॉर्मल—"

"उचला म्हणते ना!" मी दिरांवर आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडले. नवऱ्याने अँब्युलन्सला फोन लावला होता. दर्शनाच्या गर्दीमुळे वेळ लागेल असं तिकडून सांगत होते. दारात पाहुण्यांची गाडी होतीच. आम्ही वहिनींना मागच्या सीटवर कुशीवर घेतलं, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, सगळ्या काचा खाली. टॉवरच्या बाजूला झेंडूचे ढीग लावून लोक बसले होते, नवे कपडे घातलेली मुलं रस्त्यात अनार लावत होती. प्रत्येक वेळी गाडी थांबली की मी वहिनींच्या नाकाखाली बोट धरायचे. त्यांच्या केसांतलं तेल माझ्या साडीत उतरत होतं. मी त्यांना शिव्या देत होते. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. नवरा पुढच्या सीटवरून म्हणाला, बस कर. मी केलं नाही. मला भीती वाटत होती की मी गप्प बसले तर त्या जातील.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होता. मी त्याला पहिलं वाक्य सांगितलं, गॅस गीझर, रोशनदान बंद. त्याने पुढचं काही विचारलंच नाही, मास्क लावला आणि ऑक्सिजन पूर्ण सोडला. दीर तरीही यंत्र पुढे करत होते. तो म्हणाला, "अंकल, ये मशीन इसमें धोखा देती है. खून में ऑक्सिजन की जगह वो गैस बैठ जाती है, और मशीन उसे भी ऑक्सिजन गिन लेती है." दिरांनी ते यंत्र खिशात टाकलं. गणित शिकवणारा माणूस. त्यानंतर बराच वेळ ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

दुपारी वहिनींनी डोळे उघडले. सगळ्यांना ओळखलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोहे झाकले का?" मी रडले. इतकी रडले की नर्सने मला बाहेर काढलं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाला, काही आठवडे लक्ष ठेवा. कधी कधी बरं वाटल्यानंतर याचा परिणाम मागाहून दिसतो. विसरणं, गोंधळणं, चालताना तोल जाणं. तसं काही वाटलं तर लगेच आणा. त्याने ते आम्हा सगळ्यांना सांगितलं, पण घरी जायच्या आनंदात ते ऐकलं मी एकटीनेच. पुढचे दिवस घरात पेढे वाटले गेले, लोक भेटायला आले, महाकालला अभिषेक झाला. वहिनी स्वयंपाक करत होत्या, भांडत होत्या. मी दारामागे उभी राहून त्यांना बघत असायचे. नवरा म्हणाला, "आता तरी बास कर. ती बरी झाली आहे."

मग एक दिवस वहिनींनी आमटीत दोनदा मीठ घातलं. कुणाच्या हातून होत नाही? दुसऱ्या दिवशी त्या गॅसवर दूध ठेवून अंगणात जाऊन बसल्या, आणि मी विचारलं तर म्हणाल्या, कसलं दूध? त्या संध्याकाळी त्या माझ्याशी भांडल्या नाहीत. मी मुद्दाम खोडी काढली, त्यांच्या माहेराला नाव ठेवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या, एखाद्या परक्या बाईकडे बघून हसावं तसं. मी त्याच पावली रिक्षा बोलावली.

उपचार झाले, इंदूरलाही नेलं. काही परत आलं, काही नाही. आज त्या चालतात, बोलतात, माणसं ओळखतात. फक्त आत्ता काय झालं ते त्यांच्या ध्यानात राहत नाही. ऑफिसात समोर बसणारी माणसं मला आठवतात. रोज तो ऐसे ही करते थे. आम्हीही तेच करत होतो, फक्त त्या दिवशी टाळ्या वाजवून केलं.

लोक म्हणतात, तू होतीस म्हणून ती वाचली. माझी काही चूक नव्हती असंही म्हणतात, आणि नव्हतीच. त्याने मला काडीचा आराम पडत नाही. मला माझी भांडणारी जाऊ हवी आहे.

पुढच्या वर्षी रूप चौदस आली. गॅसचा गीझर गेलेला, विजेचा परत आलेला. रोशनदान फोडून मोठं केलं आहे आणि त्याला जाळी आहे, बोळा बसेल अशी जागाच ठेवलेली नाही. पाहुण्यांना मी कळवलं होतं, या दिवाळीला नको. पहाटे मी पाट मांडला, रांगोळी काढली. तेल कोण लावणार, हे कुणी बोललं नव्हतं. पण वहिनी स्वतःच उठून वाटी घेऊन आल्या, आणि त्यांच्या हातांना सगळं माहीत होतं. दिरांना लावलं, माझ्या नवऱ्याला लावलं, माझ्या मुलाची पाठ अशी रगडली की तो ओरडला. त्यांच्या मुलीला लावलं. मग मला. मी अंघोळ करून आले, केस पुसले, ताटं काढायला लागले.

वहिनी वाटी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "चल, बस. तूच राहिलीस."

त्यांची मुलगी म्हणायला गेली, "आई, काकूचं—" आणि मी तिच्याकडे असं बघितलं की ती थांबली.

"हो, राहिलेच," मी म्हटलं आणि पाटावर बसले. माझ्या धुतलेल्या केसांवर त्यांनी परत तेल थापलं. "केस ओले कसे गं तुझे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दव पडलं असेल. त्या म्हणाल्या, "काहीही बोलते." आणि पाठ रगडायला लागल्या. खूप दिवसांनी त्या माझ्यावर जरा चिडल्या होत्या. मी मान खाली घालून बसले, डोळ्यांत तेल गेलं असं सगळ्यांना वाटू दिलं.

दुसरी अंघोळ करून मी बाहेर आले. वहिनी पाटाजवळच उभ्या होत्या, वाटीत थोडंसं तेल उरलेलं. त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, आठवायचा प्रयत्न करत.

"आता कोण राहिलं?"

"तुम्ही," मी म्हटलं. "या, मी लावते."

त्यांनी वाटी छातीशी धरली आणि मागे सरकल्या. "नाही," त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं होऊ दे. मी शेवटी."

हे मात्र त्या विसरल्या नव्हत्या.